फावड्याआधीचं काम

21 ऑक्टोबर 1976 रोजी कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत, फेअरफॅक्स गावाजवळच्या डोंगरावरून काही तरुणांनी बोजड, जुनाट सायकली खाली सोडल्या. वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठी काढलेला कच्चा रस्ता, लांबी जेमतेम सव्वातीन किलोमीटर आणि उतार तेराशे फुटांचा. सायकली 1930-40च्या दशकांतल्या, पायडल उलटं मारलं की ब्रेक लागणाऱ्या. खाली पोहोचेपर्यंत मागच्या हबमधलं ग्रीस तापून धूर निघायचा आणि पुढच्या फेरीआधी ते नव्याने भरावं, म्हणजे 'रीपॅक' करावं लागायचं. या 'रीपॅक' शर्यतींतून जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली ही नावं पुढे आली आणि जगाला माउंटन बाइक मिळाली.

सायकलवेड्यांना ही गोष्ट पाठ असते. तिचा उत्तरार्ध मात्र कुणी फारसा रंगवून सांगत नाही. दहा वर्षं होतात न होतात तोच याच परिसरातल्या अरुंद पायवाटांवर सायकलींना बंदी येऊ लागली. वळणावरून अचानक अंगावर येणाऱ्या सायकलींमुळे चालणारे वैतागले, घोडेस्वार वैतागले. मरीनमधल्या कच्च्या रस्त्यांवर ताशी 24 किलोमीटरची मर्यादा आली आणि वनरक्षक हातात रडार गन घेऊन उभे राहू लागले. महामार्गावर वाहतूक पोलीस उभे राहतात तसे, पण डोंगरात आणि सायकलवाल्यांसाठी! माउंटन बाइक जिथे जन्मली तिथेच तिला सर्वांत जास्त 'नाही' ऐकावं लागलं आणि तिथला वाद अजूनही मिटलेला नाही. 1984 मध्ये तर अमेरिकेच्या वनखात्याने नियम स्पष्ट करून संरक्षित 'वाइल्डरनेस' क्षेत्रांत सायकलींना मज्जाव केला. मूळ 1964च्या कायद्यात यांत्रिक वाहतुकीला बंदी होती. सायकल त्यात मोडते की नाही, हा प्रश्न खात्याने सायकलींच्या विरोधात निकाली काढला.

या सगळ्यातून सायकलवाल्यांना एक गोष्ट उमगली. वाट हवी असेल तर नुसती मागून मिळत नाही, आणि चोरून केलेली वाट टिकत नाही. 1988 मध्ये कॅलिफोर्नियातल्या पाच स्थानिक क्लबांनी मिळून आंतरराष्ट्रीय माउंटन बाइक संघटना, म्हणजे 'इंबा', स्थापन केली. त्यांनी हक्कांचा जाहीरनामा काढला असता तर कुणाला नवल वाटलं नसतं. संघटनेची ओळख बनले ते मात्र स्वतःच्याच लोकांसाठी घातलेले नियम. खुल्या असलेल्या वाटांवरच चालवा. मागे खूण ठेवू नका. सायकल ताब्यात ठेवा. समोरच्याला वाट द्या. जनावरांना बिचकवू नका. तयारीनिशी निघा. सहा साधी वाक्यं, पण ती लिहिणारे चालणाऱ्यांचे प्रतिनिधी नव्हते. ज्यांच्यावर बोट रोखलं जात होतं तेच होते. सिएरा क्लबसारखी जुनी आणि दबदबा असलेली निसर्गसंघटना सुरुवातीला सायकलींकडे संशयाने बघत होती. 1994 मध्ये युटातल्या पार्क सिटीत दोन्ही बाजूंची माणसं एकत्र बसली आणि वाटांवर सायकललाही जागा आहे, एवढं तरी मान्य झालं.

महाराष्ट्रात आता जागोजागी सायकल क्लब आहेत. त्यातल्या काहींना रविवारच्या राइडच्या पुढे जाऊन आपल्या भागात वाटा करायच्या आहेत. त्यांनी अमेरिकेची किंवा ब्रिटनची नक्कल करावी असं अजिबात नाही. पण तिथे पन्नास वर्षांत जे घडलं, त्यातून एक गोष्ट निर्विवाद दिसते. अशा गटाची पत किती किलोमीटर वाट खोदली यावर ठरत नाही. वेळ येते तेव्हा तो आपल्याच सायकलस्वारांना 'थांबा' म्हणू शकतो का, यावर ठरते.

आता हेही खरं, की खोदकाम हलकं समजून चालत नाही. ते एक शास्त्र आहे आणि त्याचा सगळा रोख पाण्यावर असतो. वाट खराब होते ती टायरांनी कमी आणि वाहत्या पाण्याने जास्त. म्हणून अनुभवी मंडळी काही ठोकताळे पाळतात. वाटेचा चढ हा डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून कमी असावा, नाहीतर पाणी वाट ओलांडून जाण्याऐवजी वाटेलाच ओढा समजून तिच्यावरून धावतं. एकूण चढाची सरासरी दहा टक्क्यांच्या आत ठेवावी. वाटेचा पृष्ठभाग दरीच्या बाजूला पाचेक टक्के कललेला असावा. आणि उतरत्या वाटेला मध्येमध्ये छोटासा उलटा चढ द्यावा, म्हणजे साचू पाहणारं पाणी तिथेच बाहेर पडतं.

श्रमदानाच्या सकाळी हे सगळं हातांनी शिकलं जातं. आधी पाचोळा आणि वरची भुसभुशीत काळी माती बाजूला काढायची. तिच्यावर वाट बसत नाही. मग डोंगराच्या कुशीत टप्पा कापायचा, अगदी मूळ घट्ट जमिनीपर्यंत. नव्या माणसाची पहिली चूक जवळजवळ ठरलेली असते. खोदून निघालेली माती तो वाटेच्या दरीकडच्या कडेला बांधासारखी नीट रचून ठेवतो, वरून थोपटतोही. दिसायला काम झकास. पहिल्या जोरदार पावसात तोच बांध पाणी अडवतो, वाटेची नाली होते आणि एका मोसमात घोटाभर चर पडतो. म्हणून जाणकार त्याला ती सगळी माती पुन्हा उचलून खाली उतारावर लांबवर पसरायला लावतो. नवखा नाराज होतो, कारण तासाभराची मेहनत त्याच्याच हातून मोडावी लागते. अमेरिकेत यासाठी वापरतात ती अवजारंसुद्धा वनखात्यातल्या माणसांनी घडवलेली. 'मॅक्लाउड' म्हणजे एका बाजूला रुंद फावडं आणि दुसऱ्या बाजूला जाड दाते. माल्कम मॅक्लाउड या रेंजरने ते 1905 मध्ये तयार केलं. 'पुलास्की'त एकीकडे कुऱ्हाड आणि दुसरीकडे कुदळ. ती एड पुलास्कीच्या नावाने ओळखली जाते. 1910च्या भीषण वणव्यात आयडाहोत आपल्या माणसांना खाणीच्या बोगद्यात नेऊन वाचवणारा वनरक्षक तो हाच.

मराठी वाचकाला या खोदकामाबद्दल वाचून काहीतरी ओळखीचं वाटेल, आणि वाटायलाच हवं. 2016 ते 2019 या वर्षांत पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत वरूड, कोरेगाव, अंबाजोगाई अशा तीन तालुक्यांपासून सुरुवात करून पुढे कितीतरी गावं उन्हातान्हात सलग समतल चर खोदत होती. समतल रेषा कशी काढायची, उतार कसा मोजायचा, खोदलेली माती चराच्या कोणत्या बाजूला टाकायची, हे त्या गावांतल्या बायाबापड्यांना नीट कळतं. फरक एवढाच, की चराचं काम पाणी अडवून जिरवायचं आणि वाटेचं काम पाणी न अडवता पलीकडे सोडून द्यायचं. गणित तेच, फक्त उलटं मांडलेलं. शहरातल्या सायकल क्लबने परदेशी पुस्तकं मागवण्याआधी अशा गावातल्या चार माणसांना बोलावलं, तर काम जास्त लवकर होईल.

पण परत मूळ मुद्द्याकडे यायला हवं. कौशल्य विकत मिळतं. आर्कान्सामध्ये बेंटनव्हिल या गावाभोवती वॉलमार्टच्या संस्थापकाचे नातू, टॉम आणि स्टुअर्ट वॉल्टन, यांच्या पुढाकाराने आणि कुटुंबाच्या प्रतिष्ठानच्या पैशातून वाटांचं जाळंच उभं राहिलं. यंत्रं आली, व्यावसायिक बांधणारे आले. वाटा उत्तम आहेत. तरीही ती स्वयंसेवी गटांची गोष्ट नव्हे. ज्यांच्यामागे अब्जाधीश नाही त्यांच्याकडे भांडवल एकच, शेजाऱ्यांचा विश्वास.

कोलोरॅडोतलं गनिसन हे त्याचं चांगलं उदाहरण. डेव्ह वीन्स हा तिथला नावाजलेला सायकलपटू. लेडविलची शंभर मैलांची शर्यत त्याने 2003 पासून सलग सहा वर्षं जिंकली आणि 2008 मध्ये तर लान्स आर्मस्ट्राँगला मागे टाकलं. 2006 मध्ये त्याने 'गनिसन ट्रेल्स' ही संस्था सुरू केली. गावाजवळच्या हार्टमन रॉक्सच्या खडकाळ माळावर सुरेख वाटा आहेत. तिथेच गनिसन सेज-ग्राउस हा पक्षी राहतो, जो 2014 पासून धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत आहे. वसंतात नर मोकळ्या माळावर ठरलेल्या जागी जमतात आणि छाती फुगवून नाचतात. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर आपला माळढोक असाच मोकळ्या जागी पिसारा फुलवून मादीला बोलवत असे, हे ज्यांना आठवतं त्यांना अशा नाचाचं मोल सांगायला नको. या काळात माणसांची वर्दळ नको म्हणून 15 मार्च ते 15 मे या दोन महिन्यांत हार्टमन रॉक्सचा काही भाग बंद असतो. दोन महिने, तेही बर्फ नुकतं वितळून सायकलवाल्यांचे पाय शिवशिवत असतानाचे! आणि ही बंदी पाळा असं सायकलस्वारांना बजावणाऱ्यांत सायकलवाल्यांचीच संस्था आघाडीवर असते. वीन्स पुढे 2017 मध्ये इंबाचा प्रमुख झाला, हा निव्वळ योगायोग नसावा.

त्याच वर्षी इंबाची खरी कसोटी लागली. वाइल्डरनेस क्षेत्रांत सायकलींना परवानगी देण्याचा मार्ग मोकळा करणारं विधेयक अमेरिकी काँग्रेससमोर होतं. सायकलवाल्यांचा एक गट त्यासाठी जिवाचं रान करत होता. इंबाने त्या विधेयकाला पाठिंबा द्यायला नकार दिला. सदस्य संतापले, काहींनी वर्गणी बंद केली, 'आपलीच संघटना आपल्याविरुद्ध' अशी ओरड झाली. त्या नाराजीत तथ्य नव्हतं असं नाही. वाइल्डरनेसमध्ये घोडा चालतो आणि सायकल चालत नाही, हे तर्काला धरून नाही. तरीही इंबाचा हिशेब बरोबर होता असं वाटतं. ज्या निसर्गसंघटनांशी आणि वनअधिकाऱ्यांशी तीस वर्षं पायरीपायरीने संबंध जुळवले, ते एका विधेयकासाठी उधळायचे आणि मग बाहेरच्या हजारो वाटांच्या परवानग्या कुणाच्या तोंडाकडे बघून मागायच्या?

संबंध बिघडले की काय होतं, ते व्हरमाँटमध्ये दिसलं. ईस्ट बर्क या छोट्या गावाभोवती 1994 मध्ये 'किंगडम ट्रेल्स' ही ना-नफा संस्था उभी राहिली. शंभर मैलांहून जास्त वाटा, आणि त्यातल्या बहुतेक सगळ्या खासगी जमिनींवरून जाणाऱ्या. जवळजवळ शंभर मालक. कुणी शेतकरी, कुणी जंगलाचा मालक, कुणी फक्त सुट्टीत येणारा. मालकांना भाडं मिळत नाही. व्हरमाँटचा कायदा असा आहे की पैसे न घेता लोकांना आपल्या जमिनीवर फिरू देणाऱ्या मालकावर अपघाताची जबाबदारी सहसा येत नाही. म्हणजे ही सगळी व्यवस्था कराराच्या कागदापेक्षा मालकाच्या भल्या मनावर उभी. सातबारा त्याचा, औदार्य त्याचं, आणि वाट सगळ्यांची.

वाटा गाजल्या. वर्षाला लाखाच्या वर फेऱ्या होऊ लागल्या. गावात खानावळी चालल्या, सायकलची दुकानं चालली. त्याबरोबर गाड्यांच्या रांगा लागल्या, घोळकेच्या घोळके गावातल्या रस्त्यांवर आडवे पसरू लागले आणि काहीजण तर घरमालकाशीच हुज्जत घालू लागले. डिसेंबर 2019 मध्ये तीन मालकांनी आपल्या जमिनीवरून सायकल चालवायची परवानगी काढून घेतली. शंभरातले तीनच, पण जमिनी एकमेकींना लागून आणि मोक्याच्या. डार्लिंग हिलवरचा सर्वांत नावाजलेला भाग नकाशातून गेला. कोर्टकचेरी करायला जागाच नव्हती, कारण हक्क असा कधी नव्हताच. संस्थेला मग उशिरा का होईना, वर्तणुकीचे नियम, गर्दीचा अभ्यास आणि गाड्यांची सोय ही कामं हातात घ्यावी लागली. वाट खणायला एक मोसम पुरतो. मालकाच्या ओट्यावर बसून चहा पिण्याचं काम मात्र दरवर्षी करावं लागतं आणि कोणत्याही अनुदानाच्या अर्जात त्याचा रकाना नसतो.

ब्रिटनचा धडा जरा वेगळा. ब्रिस्टल शहरात जुलै 1977 मध्ये 'सायकलबॅग' नावाचा आंदोलक गट जमला. पुढे त्याचं नेतृत्व जॉन ग्रिमशॉ या अभियंत्याकडे आलं. ब्रिस्टल ते बाथ हा जुना रेल्वेमार्ग 1966 मध्ये प्रवाशांसाठी बंद झाला होता. रूळ काढलेला, झुडपं माजलेली. या मंडळींनी निवेदनं देऊन वाट बघण्यापेक्षा जागा रीतसर भाड्याने घेतली आणि 1979च्या उन्हाळ्यात बाथच्या बाजूच्या आठेक किलोमीटरवर स्वयंसेवकांनी फावडी चालवली. गिट्टीवर दगडाची बारीक भुकटी अंथरली, दाबली, झाली वाट. 1986 पर्यंत पूर्ण 21 किलोमीटर तयार झाले. पहिल्यापासून ही वाट चालणाऱ्यांनाही खुली होती, आणि मुलांच्या गाड्या ढकलणाऱ्या आया, कुत्रे फिरवणारे म्हातारे हे सगळे आपोआप तिचे पाठीराखे झाले. केवळ सायकलवाल्यांची वाट असती तर नगरपालिकेत तिच्या बाजूने बोलायला मूठभर माणसं उरली असती.

हाच गट 1983 मध्ये 'सस्ट्रान्स' ही धर्मादाय संस्था झाला. 1995 मध्ये लॉटरीच्या निधीतून त्यांना 4 कोटी 35 लाख पौंड मिळाले आणि 2000 मध्ये पाच हजार मैलांचं राष्ट्रीय सायकल जाळं खुलं झालं. आकडा मोठा होता, पण तो गाठताना बरेच मैल वर्दळीच्या रस्त्यांवरून नुसत्या पाट्या लावून जोडले होते. 2018 मध्ये संस्थेने स्वतःच स्वतःचं ऑडिट छापलं. जाळ्याचा 46 टक्के भाग खराब किंवा फारच खराब निघाला. दोन वर्षांत जवळपास चौथाई जाळं तिने स्वतःच्या यादीतून कमी केलं, कारण लहान मुलाला तिथे सोडावं इतकं ते सुरक्षित नव्हतं. आपल्याच हाताने आपला नकाशा लहान करणारी संस्था आपल्याकडे शोधावी लागेल.

आपल्याकडे नकाशे फुगवण्याचाच रिवाज. पुणे महापालिकेने डिसेंबर 2017 मध्ये सायकल आराखडा मंजूर केला, त्यात 800 किलोमीटरहून अधिक सायकल मार्ग दाखवले होते. कागदावर मार्ग, आणि मार्गावर दुचाक्या, टपऱ्या नि वडापावच्या गाड्या. अशा ठिकाणी सायकल गटांनी आंदोलन करावं, माहितीच्या अधिकारात अर्ज करावेत, आयुक्तांच्या दारात जावं, हे सगळं योग्यच. पण टेकड्यांवरचा आणि गावाबाहेरच्या डोंगरांवरचा प्रश्न वेगळा आहे. तिथे समोर महापालिका नसते. कुठे वनविभाग असतो, कुठे गावकीची जमीन, कुठे खासगी मालक, आणि रोज पहाटे चालायला येणारी शेकडो माणसं असतात.

पुण्याच्या वेताळ टेकडीचंच बघा. तिथून जाऊ घातलेल्या रस्त्याविरुद्ध नागरिक वर्षानुवर्षं लढत आहेत. पहाटेचे चालणारे, पक्षी बघणारे, झाडं लावणारे असे सगळे त्यात आहेत. उद्या सायकलवाल्यांच्या एखाद्या गटाने हौसेने रात्रीतून उतारावर उड्यांसाठी मातीचे उंचवटे केले, तर हीच माणसं सर्वांत आधी तक्रार करतील आणि त्यांची तक्रार रास्तच असेल. वनजमिनीवर परवानगीशिवाय खोदकाम हा गुन्हा आहे, हा मुद्दा तर आहेच. पण त्याहून मोठं नुकसान असं, की टेकडीच्या बाजूने उभी राहणारी फळी तिथे दुभंगेल. सायकल गटाने पहिली बैठक सायकलवाल्यांची न घेता या चालणाऱ्यांबरोबर घ्यावी. कोणत्या वळणावर ते दचकतात, कोणत्या झाडाखाली बसतात, टिटवी कुठे अंडी घालते, हे त्यांना ठाऊक असतं.

आणि सह्याद्रीत सर्वांत कठीण 'थांबा' आहे पावसाळ्याचा. व्हरमाँटमध्ये बर्फ वितळून चिखल होतो तेव्हा वाटा बंद ठेवतात आणि लोक कुरकुरत का होईना ते पाळतात. आपल्याकडे उलट आहे. जुलैत डोंगर हिरवे होतात, धबधबे सुटतात, आणि सगळ्यांनाच तेव्हा सायकल काढायची असते. नेमक्या त्याच दिवसांत लोणावळा-मुळशीकडची लाल माती पाण्याने फुगलेली असते. ओल्या मातीत एका टायरची खाच पडते, पुढचा पाऊस त्या खाचेतून वाहतो, दुसरा सायकलस्वार चिखल टाळायला कडेने जातो आणि दोन रविवारांत हातभर वाटेचा चांगला गाडीरस्ता होतो. स्वतः केलेली वाट जून ते सप्टेंबर बंद ठेवणारा आणि रविवारी सकाळी पायथ्याला उभं राहून दुसऱ्या क्लबच्या पोरांना 'आज डांबरी रस्त्याने जा रे' असं सांगणारा गट इथे उभा राहायला हवा. त्याला शिव्या खाव्या लागतील. समाजमाध्यमांवर 'हे कोण टिकोजीराव' असंही म्हटलं जाईल.

सुरुवात अगदी लहान असावी. वनविभागाचं किंवा मालकाचं लेखी पत्र हातात आलं, की एखाद्या हिवाळ्यात एकच किलोमीटर. सर्वेक्षणाला चालणाऱ्यांतली दोन माणसं आणि चरांचं काम केलेला एखादा गावकरी बरोबर. टिकाव, फावडं, घमेली, पहार गावातूनच. मग एक अख्खा पावसाळा त्यावर कुणीही सायकल घालायची नाही. फक्त छत्री घेऊन जायचं, पाणी कुठे थांबतं आणि कुठून निसटतं ते बघायचं, खुणेच्या काठ्या रोवायच्या, आणि दिवाळीनंतर त्या काठ्यांच्या जागी पुन्हा खोदायला बसायचं.